एका नरावरून नवी जात जाहीर करावी का? (उंचावरचे डार्कलिंग भुंगेरे)

कातळपाठ
समजा, लडाखच्या चांगथांगमध्ये 4,800 मीटरवर दगडांखाली टेनेब्रिओनिडी कुळातले, म्हणजे डार्कलिंग, भुंगेरे मिळाले. जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट, बायोरामिक्स. एक नर, तीन माद्या. ज्ञात जातींच्या कुठल्याच वर्णनाशी जुळत नाहीत. लगेच नवी जात जाहीर करायची की थांबायचं? (इथे जात म्हणजे स्पीशीज. जीनसला जीनसच म्हणू.)

माझं मत स्पष्ट आहे: थांबा. हे जीनस कीटकशास्त्रज्ञ फ्रेडरिक बेट्सने 1879 साली मांडलं, 1873-74 च्या यारकंद मोहिमेत निसर्गशास्त्रज्ञ स्टोलिच्काने जमवलेल्या भुंगेऱ्यांवरून. त्या काळच्या वर्णनांत एडीगस, म्हणजे नराचं जननेंद्रिय, सहसा नसतंच. रंग, चकाकी, एलिट्रावरचे (पाठीवरच्या कडक पुढच्या पंखांवरचे) ठिपके यांवर सगळी भिस्त. म्हणजे 'वर्णनाशी जुळत नाही' याला फारसा अर्थ उरत नाही, जुना टाइप नमुना, म्हणजे ज्यावरून ते नाव दिलं तोच नमुना, समोर हवा.

दुसरं, या गटात नराच्या पुढच्या आणि मधल्या पायांचे टार्सस (पायाच्या टोकाचे खंड) रुंद असतात, मादीचे अरुंद. शिवाय मादी अंगाने फुगीर. जुनी जात फक्त मादीवरून लिहिलेली असेल आणि तुमच्या हातात नर असेल, तर एकाच जातीला दोन नावं पडायला वेळ लागत नाही. किमान दहा नर हवेत, आणि दोन-तीन ठिकाणांहून.

दंवबिंदू
पूर्ण असहमत. दहा नर कुठून आणायचे? तिथे बर्फ वितळल्यावर काम करायला जेमतेम अडीच-तीन महिने मिळतात. या भुंगेऱ्यांना उडता येत नाही, त्यामुळे एक जात एका डोंगरसोंडेपुरती मर्यादित असणं अगदी शक्य आहे. नमुना सापडल्यापासून नाव मिळेपर्यंत सरासरी 21 वर्षं जातात, असं 2012 सालच्या एका अभ्यासाने दाखवलं होतं. एवढ्या काळात त्या सोंडेवरून रस्ता गेला तर? नाव नसलेला प्राणी कुठल्याच यादीत नसतो, त्याच्यासाठी कुणी आक्षेपही नोंदवत नाही.

नामकरणाच्या नियमसंहितेला होलोटाइप, म्हणजे नावाचा आधार ठरणारा नमुना, म्हणून एकच नमुना लागतो. नाव हे गृहीतक आहे. पुढे चूक निघाली तर ते जुन्या नावाचं समानार्थी ठरेल, होलोटाइप तर जागेवरच राहील.

कातळपाठ
समानार्थी ठरेल, पण ठरवणार कोण? त्या कामाला वर्षं लागतात आणि ते पुढच्या माणसाच्या डोक्यावर बसतं. मधल्या काळात यादीत चुकीचा 'स्थानिक' (फक्त तिथेच आढळणारा) प्राणी घुसतो आणि संवर्धनाचा पैसा भलतीकडे वळतो.

पिनबॉक्स
दोघेही नमुन्यांची संख्या मोजताय. मला विचाराल तर त्या एका नराची तयारी कशी झाली, यावर सगळं ठरतं. वाळलेला नमुना दमट डबीत रात्रभर मऊ करा. पोटाचे शेवटचे खंड हळूच सोडवा आणि 10 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये कोमट ठेवून दर पाच मिनिटांनी बघा. स्नायू विरघळले की लगेच काढा. जास्त वेळ राहिला तर पॅरामेअर, म्हणजे एडीगसच्या टोकाचे भाग, पारदर्शक होतात, वळतात, आणि तुम्ही त्या वळणालाच 'निदान लक्षण' (जात ओळखण्याची खूण) म्हणून छापून मोकळे होता. मग पाण्यात धुवा, त्यात अॅसेटिक अॅसिडचा एक थेंब. शेवटी ग्लिसरीनमध्ये ठेवून पाठीकडून, पोटाकडून आणि बाजूने असे तीन फोटो. एकाच बाजूच्या चित्रावर विश्वास ठेवू नये.

मापांचंही तेच. प्रोनोटमची (डोक्यामागच्या पाठीवरच्या ढालीची) लांबी मधल्या रेषेवर घेतात आणि ती रेषा नजरेशी काटकोनात हवी. नमुना 20 अंश कलला तर लांबी 6 टक्के कमी भरते. रुंदी तशीच राहते, म्हणजे रुंदी-लांबीचं गुणोत्तर फुगतं, आणि अशा गुणोत्तरांवर नव्या जाती उभ्या राहिलेल्या दिसतात! एलिट्रावरचे बारीक ठिपके, सुरकुत्या तर म्हाताऱ्या भुंगेऱ्यात दगडाला घासूनच जातात.

एडीगस नीट काढला असेल आणि जवळच्या जातींच्या टाइपचे तसेच फोटो मिळाले असतील, तर एका नरावर लिहायला माझी हरकत नाही. एकाच बाजूचा पुरावा असेल तर थांबा.

एटीजीसी
टाइपच्या फोटोंची वाट का बघायची? नमुना हाती आला की पाय काढून 96 टक्के इथेनॉलमध्ये टाका. मधला उजवा पाय बरा, डावा शाबूत राहिला की पायांची लक्षणं हरवत नाहीत. सीओआय जनुकाचे (पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियातलं, जाती ओळखायला वापरतात ते) 658 बेस, म्हणजे डीएनएची अक्षरं, वाचा. जवळच्या जातीपासून 2-3 टक्के फरक, म्हणजे 13 ते 20 बेस, दिसला की चित्र स्पष्ट होतं.

पिनबॉक्स
उडणाऱ्या कीटकांत कदाचित. न उडणाऱ्या डोंगरी भुंगेऱ्यांत दोन शेजारच्या खोऱ्यांतल्या, एडीगस हुबेहूब असलेल्या समूहांतही यापेक्षा जास्त फरक निघू शकतो. ते एकमेकांपासून तुटलेत एवढंच त्यातून कळतं. शिवाय पेशीच्या केंद्रकात जाऊन बसलेली सीओआयची खोटी प्रत वाचली गेली तर फरक आणखी वाढतो. अनुक्रमाचं प्रथिनात भाषांतर करून मध्येच स्टॉप कोडॉन (प्रथिन तिथेच संपवणारी खूण) येतो का ते बघा, तरी सगळ्या खोट्या प्रती त्यात पकडल्या जात नाहीत. म्हणून 28एससारखं केंद्रकातलं एखादं जनुक सोबत हवंच.

आणि पाय काढण्याआधी प्राणी मारला कशात? इथाइल अॅसिटेटच्या बाटलीत मारला असेल तर डीएनएचा भरवसा नाही. सापळ्याच्या कपात नमुने टिकवायला एथिलीन ग्लायकॉलही नको. ते गोड असतं, विषारी असतं, आणि चांगथांगमध्ये पश्मिना शेळ्या मोकळ्या चरतात. प्रॉपिलीन ग्लायकॉल वापरा.

एटीजीसी
28एस मान्य. 2-3 टक्क्यांच्या उंबरठ्याचा आकडा मी जरा सहज लिहिला.

कातळपाठ
पिनबॉक्स यांचा मुद्दा पटला. दहा नरांची अट मी एडीगससाठी सोडतो, गुणोत्तरांसाठी नाही. एका नराचं गुणोत्तर निदानात येऊच नये, नुसत्या मापांच्या तक्त्यात राहू दे. माद्यांचं काय, हे मात्र कुणीच बोललं नाही. तीन माद्या त्याच दगडाखाली होत्या म्हणून त्याच जातीच्या, असं धरता येणार नाही. एकाच उतारावर दोन जाती राहू शकतात.

दंवबिंदू
मग माद्यांचंही सीओआय करा. अनुक्रम नराशी जुळला तर पॅराटाइप, म्हणजे होलोटाइपच्या जोडीचे नमुने, नाहीतर त्यांना टाइपमालिकेत घेऊच नका. पण त्यासाठी नराचं नाव का अडवायचं?

नोंदवही
दोन्ही बाजूंनी एक गोष्ट सुटली. नाव 'उपलब्ध', म्हणजे नियमसंहितेनुसार ग्राह्य, व्हायला घाईपेक्षा कागद लागतात. 1999 नंतरच्या नव्या नावासाठी होलोटाइप स्पष्ट नेमलेला हवा आणि तो कुठल्या संग्रहात आहे किंवा जाणार आहे हे छापलेलं हवं. लेख फक्त ऑनलाइन येणार असेल तर आधी झूबँकमध्ये (प्राण्यांच्या नावांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत) नोंद, आणि त्या नोंदीचा पुरावा लेखातच. तो राहिला तर पूर्ण वर्णन छापूनही नाव उपलब्ध ठरत नाही. भारतात 2002 च्या जैवविविधता कायद्याच्या कलम 39 नुसार नव्या प्राण्याचा नमुना नेमलेल्या संग्रहाकडे द्यावा लागतो. प्राण्यांसाठी असा एक संग्रह म्हणजे भारतीय प्राणी सर्वेक्षण विभाग, मुख्यालय कोलकाता. पुण्यात आकुर्डीला त्यांचं पश्चिम विभागीय केंद्र आहे, इकडच्यांनी आधी तिथे विचारावं. आणि चांगथांगचा मोठा भाग अभयारण्यात येतो. वन्यजीव विभागाची परवानगी नमुने गोळा करण्याआधीची हवी. मागून मिळवलेलं पत्र संपादक स्वीकारणार नाहीत.

कातळपाठ
परवानगीच्या अर्जात नमुन्यांची संख्या लिहावी लागते. तिथे 'चार' न लिहिता दोन्ही लिंगं आणि शेजारच्या दोन खिंडी धरून आकडा मागा. दंवबिंदू, एवढं तरी कराल ना?

दंवबिंदू
आकडा मागेन. पण पहिल्या खिंडीत नराचा एडीगस वेगळा निघाला तर दुसऱ्या खिंडीसाठी थांबणार नाही.