मदत हवी आहे: सेरामाइड की डायअ‍ॅसिलग्लिसरॉल, इन्सुलिनला नेमकं कोण अडवतं?

एमएस्सीच्या मुलांना इन्सुलिन रेझिस्टन्स (पेशी इन्सुलिनला नीट दाद देत नाहीत ती अवस्था) शिकवतोय आणि एका जागी अडलोय. स्नायूत साठलेलं ट्रायग्लिसराइड (साठवणीची चरबी) स्वतः फारसा त्रास देत नाही, इथपर्यंत ठीक. प्रश्न चरबीवर्गातल्याच दुसऱ्या दोन रेणूंचा आहे. डायअ‍ॅसिलग्लिसरॉल पीकेसी हे एन्झाइम जागं करून इन्सुलिनच्या रिसेप्टरजवळच संदेश अडवतं. सेरामाइडचा घाव खाली, हाच संदेश पुढे नेणाऱ्या एकेटी या प्रथिनावर: पीपी२ए या एन्झाइममार्फत त्याचे फॉस्फेट उतरवले जातात (म्हणजे ते निष्क्रिय होतं), मग ग्लुकोज आत घेणारं ग्लुट-४ हे प्रथिन पेशीच्या पडद्यावर पुरेसं येतच नाही. फळ्यावर दोन बाण काढले की मुलं हमखास विचारतात, "सर, जाड बाण कुठला?"

उंदरांत मायरिओसिनने (सेरामाइड तयार होणं रोखणारं रसायन) सेरामाइड कमी केलं की इन्सुलिनचा परिणाम सुधारतो, हे वाचलंय. पण लांब पल्ल्याच्या खेळाडूंच्या स्नायूंत चरबी भरपूर, काही अभ्यासांत तर डायअ‍ॅसिलग्लिसरॉलही जास्त, तरी इन्सुलिन उत्तम चालतं. इथे माझं सगळं चित्र कोलमडतं.

पाठ्यपुस्तकं आणि आढावा घेणारे लेख चाळून झालेत. उपचारांचा सल्ला नकोय, प्राण्यांवरचे प्रयोगही पुरेसे आहेत. डायअ‍ॅसिलग्लिसरॉल एकूण किती यापेक्षा ते पेशीत कुठे आहे, पडद्यात की चरबीच्या थेंबात, यावर परिणाम ठरतो, असं माणसांच्या स्नायूंत थेट मोजून दाखवणारं काम कुणाच्या वाचनात आहे का?