बायोडेटात 'असोसिएट'चं मराठी काय लिहू?

शेवंती_७१
नमस्कार मंडळी, प्रश्न एवढासा आहे पण चार दिवस घरात त्याच्यावरून नुसता गोंधळ चाललाय. मुलीचा बायोडेटा वधूवर मंडळाला मराठीत हवाय, त्यांचा छापील फॉर्म आहे, जन्मवेळ, रास, नाडी, गण, मामांचं आडनाव सगळं भरून झालं आणि 'नोकरी व हुद्दा' ह्या रकान्यापाशी येऊन अडले. ती आयटी कंपनीत आहे, ऑफर लेटरवर नुसतं 'असोसिएट' आहे, मागेपुढे काही नाही. मी पेन्सिलीने 'सहकारी' लिहिलं. सासरे ८४ वर्षांचे, चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, सहकारी म्हणजे काय, बँक का साखर कारखाना? मग खोडून 'सहयोगी' केलं तर नणंद म्हणते अगं सहयोगी प्राध्यापक असतात, उद्या ते लोक कुठलं कॉलेज म्हणून विचारतील. शेवटी 'साथीदार' म्हटलं तर मुलगी ताटावरून उठून आत गेली.
डिक्शनरी उघडली तर सोबती, भागीदार, सहकारी, दुय्यम सभासद, जोडणे, संगत धरणे असा सगळा बाजारच भरलेला. एकाच शब्दात भागीदार पण आणि दुय्यम पण कसं काय बसतं? आणि उच्चार नक्की कुठला, मुलगी शेवटी 'एट' म्हणते आणि तिची मॅनेजर 'अट'.

प्रूफवाला
ताई, मुलीचं बरोबर आहे, 'साथीदार' अजिबात लिहू नका. बावीस वर्षं मुद्रितशोधन केलंय, मराठी पेपरात साथीदार फक्त 'फरार' असतात. 'मुख्य आरोपीसह त्याच्या तीन साथीदारांना अटक', झालं. शब्द चांगला होता बिचारा, साथ देणारा तो साथीदार, पण क्राइमच्या पानावर राहून राहून त्याला वास लागला. इंग्रजीतही तसंच आहे म्हणा, पोलिसांच्या तोंडी असोसिएट आला की तो टोळीतलाच. त्याहून खालचा माणूस म्हणजे आपला 'हस्तक'. आणि गंमत बघा, ह्यातलाच अर्धा तुकडा 'साथी', तो समाजवाद्यांनी नावाआधी लावला, साथी एस. एम. जोशी म्हणायचे लोक, आणि तिथे तो किती आदराचा वाटतो.

आता मूळ. लॅटिनमध्ये 'सोशिअस' म्हणजे सोबती, त्याला 'कडे' अशा अर्थाचा उपसर्ग लागून असोसिएट झाला, म्हणजे सोबतीला जोडून घेतलेला. सोसायटी, सोशल सगळे त्याच घरातले. आणि हे लांबचं वाटत असेल तर आपला संस्कृत 'सखा' हा सोशिअसचा भाऊबंद मानतात, धातूचा अर्थ मागोमाग जाणे, बरोबर असणे. त्याच कुळातला 'सचिव'. मुळात सचिव म्हणजे सोबतीच हो, नंतर राजाचा सल्लागार झाला आणि आता मंत्रालयात त्याला भेटायचं तर आधी पास काढा! तेव्हा मराठीतला सगळ्यात शुद्ध असोसिएट म्हणजे सचिव. फॉर्मवर लिहून बघा, रोज पन्नास स्थळं येतील.

तुमच्या भागीदार का दुय्यम ह्या प्रश्नाचं म्हणाल तर हा शब्द एवढंच सांगतो की माणूस कोणाच्या तरी बरोबर आहे. बरोबरीचा आहे का हाताखालचा हे तो सांगतच नाही, ते त्या त्या धंद्याला माहिती.

हिशोबनीस
मी सीए आहे त्यामुळे ह्या शब्दाचं मीठ खाल्लंय. आमच्या परीक्षा पास झाल्यावर इन्स्टिट्यूटचं सभासदत्व मिळतं ते आधी असोसिएट म्हणून, नावापुढे 'एसीए' लागतं, आणि सलग पाच वर्षं प्रॅक्टिस झाली की फेलो होता येतं, मग 'एफसीए'. म्हणजे इथे असोसिएट ही पहिली पायरी.

पण ऑफिसच्या पाटीवर कथा वेगळी. पाटीवर आडनाव आणि पुढे 'अँड असोसिएट्स' असं असतं ना, तसंच मीही २००९ ला केलं, पितळी अक्षरं, प्रत्येक अक्षराचे वेगळे पैसे घेतले कारागिराने. असोसिएट्स कोण, तर आर्टिकलशिपची म्हणजे शिकाऊ दोन पोरं आणि वडिलांचं जुनं गोदरेजचं कपाट. एकदा इचलकरंजीचे एक क्लायंट आले, बसले, चहा झाला, इकडेतिकडे बघून म्हणाले, "बाकीचे साहेब आज आले नाहीत वाटतं." मी म्हटलं ऑडिटला गेलेत. त्यातला एक कपाटामागे बसून डबा खात होता.

पार्टनर आणि असोसिएट ह्यात मात्र गल्लत करू नका. वकिलांच्या मोठ्या फर्ममध्ये असोसिएट म्हणजे पगारी वकील आणि पार्टनरचा नफ्यातोट्यात वाटा. आणि २०१३ च्या कंपनी कायद्यात 'असोसिएट कंपनी' असते, तिच्यात दुसऱ्या कंपनीच्या हातात निदान २० टक्के मतं किंवा कराराने निर्णयात भाग असा वजनदार हात असावा लागतो पण ती उपकंपनी नसते. म्हणजे ना घरची ना परकी, चुलतभाऊ समजा.

निवृत्त_प्रपाठक
शेवंतीताई, तुमच्या नणंदेला माझा नमस्कार सांगा, त्यांचं म्हणणं बरोबर. पूर्वी आमच्याकडे अधिव्याख्याता, प्रपाठक, प्राध्यापक अशा पायऱ्या होत्या, इंग्रजीत लेक्चरर, रीडर, प्रोफेसर. सहाव्या वेतन आयोगानंतर आणि मग यूजीसीच्या २०१० च्या नियमांत लेक्चररचा सहायक प्राध्यापक झाला आणि रीडरचा सहयोगी. मी झोपलो तेव्हा प्रपाठक होतो आणि उठलो तेव्हा असोसिएट प्रोफेसर, काम तेच, खडू तोच. आईला शेवटपर्यंत प्रपाठक काय ते कळलं नव्हतं, ती 'पाठक सरांच्या हाताखाली आहे' असं सांगायची. सहयोगी झाल्यावर म्हणाली, म्हणजे आता कोणाला मदत करतोस?
सहायक आणि सहयोगी ह्यात लोकांचा घोळ कायम. सहायक मदतीला, सहयोगी जोडीला. पगारात बराच फरक आहे, कानाला मात्र एकच वाटतं.

तिसरी_स्लिप
क्रिकेट राहिलं की राव. आयसीसीचे फुल मेंबर १२, बाकी सगळे असोसिएट. ही वर्गवारी १९६५ पासूनची, पहिल्या तिघांत अमेरिका, फिजी आणि सिलोन म्हणजे आजची श्रीलंका, त्यातली श्रीलंका १९८१ ला वर गेली, २०१७ ला अफगाणिस्तान आणि आयर्लंड. अमेरिका मात्र तिथेच राहिली. आणि त्याच असोसिएट अमेरिकेने २०२४ च्या टी-ट्वेंटी वर्ल्ड कपात पाकिस्तानला हरवलं, डल्लासला, सुपर ओव्हर टाकणारा कोण तर आपला मुंबईचा सौरभ नेत्रावळकर. तेव्हा असोसिएट म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी जरा जपून. टेस्ट मात्र खेळू देत नाहीत, पंक्तीला बोलवायचं आणि श्रीखंड वाढायचं नाही असला प्रकार.

प्रूफवाला
स्लिपवाले, तुमची तक्रार दोन हजार वर्षं जुनी आहे. रोमच्या बाजूने लढणाऱ्या इटलीतल्या दोस्त गावांना 'सोशिअस'च म्हणायचे. सैनिक पुरवायचे ह्यांनी आणि नागरिकत्व नाही! शेवटी इ. स. पूर्व ९१ मध्ये ते रोमवरच उलटले. इतिहासात त्याला 'सोशल वॉर' म्हणतात, सोशल मीडियावरच्या भांडणासारखं वाटतं पण अर्थ सोबत्यांशी झालेलं युद्ध. रोमने लढाई मारली पण नागरिकत्व द्यावं लागलंच.

काउंटर_नंबर_४
ताई एक प्रॅक्टिकल सांगतो. बायोडेटात नुसतं असोसिएट लिहिलं तर वाचणारा आपल्या ओळखीच्या असोसिएटवरून पगार ठरवणार. स्टेट बँकेत ज्युनिअर असोसिएट म्हणजे क्लार्क, आम्ही काउंटरवरचे. मोठ्या गुंतवणूक बँकांत म्हणे ॲनालिस्टच्या वरचा असोसिएट आणि त्याच्या वर थेट व्हाइस प्रेसिडेंट. मॉलमध्ये शर्टांच्या घड्या घालणारा मुलगा सेल्स असोसिएट. माझ्या मेव्हण्याच्या वेळी मुलीकडच्यांनी 'असोसिएट' वाचून बँकेचा समजून सरकारी नोकरी म्हणून होकार कळवला, मुलगा विमा विकत होता. निस्तरायला दोन मिटिंगा आणि एक मध्यस्थ लागला.

जर्सीकर
इथे अमेरिकेत तर ह्या शब्दाची नुसती उधळण. वॉलमार्टमध्ये ट्रॉल्या गोळा करणाऱ्यापासून सगळे असोसिएट, नोकर म्हणायचंच नाही. कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षं शिकलात की 'असोसिएट डिग्री'. आणि सुप्रीम कोर्टात चीफ जस्टिस सोडून बाकीचे आठ न्यायाधीश, ते पण असोसिएट जस्टिस. दूध आणायला गेलो की गल्ल्यावरच्या बाईच्या छातीवर बिल्ला बघतो, असोसिएट. दोघी असोसिएटच, एक दुधाचं बिल करते, दुसरी देशाचा निकाल देते.

गणिताच्या_बाई
उच्चाराचं कोणी सांगितलंच नाही. नाम किंवा विशेषण असेल, म्हणजे माणूस, तर शेवट 'अट'सारखा आखूड, आणि क्रियापद असेल, म्हणजे जोडणे, तर 'एट' असा लांब. मधला स की श, दोन्ही चालतात. तर हुद्द्यापुरती मॅनेजर बरोबर, पण मुलीला रागावू नका, आपण सगळेच 'एट' म्हणतो.

आणि क्रियापदाबरोबर 'विथ' येतं, 'टू' नाही. मराठीत आपण 'संस्थेशी निगडित' म्हणतो तो 'शी' डोक्यात ठेवला की चुकत नाही. पेपरात 'अमुक खाण्याचा तमुक आजाराशी संबंध' अशी बातमी येते ना, तिथे मूळ इंग्रजीत बहुतेक हाच शब्द असतो, आणि त्याचा अर्थ दोन गोष्टी बरोबर दिसल्या एवढाच, एकीमुळे दुसरी झाली असा नाही. आमच्या शेजारच्या काकांनी असली एक बातमी वाचून दोन महिने वांगी सोडली होती.

मनातल्या जोडणीलाही हाच शब्द. रॉकेलचा वास आला की मला रेशनची रांग, हातातला पिवळा कॅन आणि पुढच्या बाईचा ओला पदर दिसतो. हल्ली मुलं म्हणतात 'मी तो वास रांगेशी असोसिएट करते', अगं बाई, 'वासाने रांग आठवते' म्हण की! आणि संगतीने नाव खराब होतं त्याला आपल्याकडे ढवळ्याशेजारी पवळा आहेच. आमच्या गणितात मात्र असोसिएटिव्ह म्हणजे 'साहचर्य', तीन संख्यांच्या बेरजेत आधी कोणत्या दोघांची जोडी लावली त्याने उत्तर बदलत नाही. लग्नाच्या बाबतीत हा नियम लावू नये.

शेवंती_७१
बाई, शेवटचं वाक्य मी मुलीला वाचून दाखवलं, चार दिवसांनी हसली. सगळ्यांचे आभार, सासऱ्यांना रात्री जेवणानंतर एकेक उत्तर मोठ्याने वाचून दाखवतेय, त्यांना कपाटामागचा डबा फार आवडला.

शेवटी काउंटरवाल्या दादांचं ऐकलं. 'आयटी कंपनीत सॉफ्टवेअरचे काम, हुद्दा असोसिएट, नोकरी कायम' असं लिहिलं, मराठी केलंच नाही. मंडळातल्या बाईंनी फॉर्म घेतला, हुद्दा वाचला, काही न बोलता पेनाने त्याच्या वर 'इंजिनीअर' लिहिलं आणि शिक्का मारला.

काल एका स्थळाचा फोन आला, सांगलीचे आहेत, मुलगा मुंबईत वकील. मुलाची आई म्हणाली, आमचा मुलगा मोठ्या फर्ममध्ये असोसिएट आहे. फोन स्पीकरवर होता. सासरे पेपर खाली न ठेवता म्हणाले, "विचार गं, पगारी का वाटेकरी?"