सुगंधी वेली गुलाब कोणी लावलाय का? अनुभव लिहा, फसलेले पण लिहा

(पुणे)
कोजागिरी झाली की मी गुलाब छाटते, तशी परवा कात्री घेऊन अंगणात गेले आणि वेली गुलाबापाशी येऊन थांबले, याचं काय करायचं तेच कळेना. गेटवरच्या कमानीसाठी लावला त्याला तीन वर्षं झाली. जोम म्हणाल तर पार पहिल्या मजल्याच्या खिडकीपर्यंत पोचलाय, पण गेल्या हिवाळ्यात फुलं आली मोजून सहा आणि तीही शेंड्याला, जिथे नाक पोचत नाही. नर्सरीत नाव विचारलं तर "लाल क्लाइंबर" एवढंच सांगितलं होतं. वास मात्र असा आहे की खिडकी उघडली की आजीच्या परडीतले गावठी गुलाब आठवतात. हल्ली बाजारातून डझनभर गुलाब आणले तरी वास म्हणून नाही, त्यामुळे हे झाड मला फुललेलं बघायचंच आहे. कोणी कुठे लावलाय, कसा चढवलाय, किती वर्षांनी फुलला, सगळं लिहा.

(नाशिक)
ताई, कात्री आधी बाजूला ठेवा. वेली गुलाब बाकीच्या गुलाबांसारखा गुडघ्याएवढा छाटायचा नसतो. त्यातून तो झुडपी जातीचाच वेल झालेला प्रकार असेल, म्हणजे ज्यांच्या नावाआधी क्लाइंबिंग लावतात ते, तर पहिली एकदोन वर्षं खोल छाटल्यावर परत झुडूप होऊन बसू शकतो. माझा क्लाइंबिंग क्रिमसन ग्लोरी असाच गेला, छाटल्यावर पाच फुटांच्या वर कधी चढलाच नाही.
तुमच्या झाडाला रोग काही नाही, ते सरळ उभं वाढलंय इतकंच. फांदी उभी असली की शेंड्यात तयार होणारं ऑक्सिन, म्हणजे वाढीचं संप्रेरक, खाली उतरतं आणि खालच्या डोळ्यांना, म्हणजे जिथून नवी फूट येते त्या जागांना, फुटू देत नाही. तीच फांदी आडवी केली की डोळे एकामागून एक फुटतात आणि प्रत्येक फुटव्याला कळी. आमच्या घरी द्राक्षबाग आहे, तिथे ओलांडा, म्हणजे वेलीची मुख्य फांदी, आडवा तारेवर नेतात म्हणून त्याच्यावर ओळीने काड्या निघतात, हे लहानपणापासून बघतोय पण गुलाबाला तेच करायचं असतं हे डोक्यात यायला मला चार वर्षं लागली!
गुलाब स्वतः कशाला वेढा घालत नाही, बांधावाच लागतो. सुतळीचा सैल आठाचा फास करा, तार नको, फांदी जाड झाली की तार आत रुतते. जुनी जाड फांदी वाकत नाही, मोडते, तिला हात लावू नका, यंदाचे लांब हिरवे धुमारे असतील ते आठवड्याला थोडे थोडे खाली आणा. मेलेलं, वाळलेलं काढा, आणि आधी फुलून गेलेल्या आडफांद्या दोनतीन डोळ्यांवर कापा, बास.

(नागपूर)
आमच्याकडे उन्हाळा हाच खरा प्रश्न आहे बाप्पा. पहिला वेल मी पश्चिमेच्या भिंतीला लावला होता, जागा रिकामी होती म्हणून. मे महिन्यात ती भिंत रात्री नऊलाही हात लावू देत नाही, वेल वरून काळा पडत पडत खाली आला, आपण त्याला डायबॅक म्हणतो, आणि जूनपर्यंत संपला. मी जिवंत भागापर्यंत कापून कॉपरची पेस्ट पण लावत होतो पण भिंतच भाजत होती तर पेस्ट काय करणार.
दुसरा पूर्वेला लावला, सकाळचं ऊन बारापर्यंत आणि मग सावली. डॉन जुआन, ही 1958 सालची इटलीत तयार केलेली जात आहे, गडद लाल, मखमलीसारखी, आणि वास भरपूर. दोन फूट लांब, रुंद, खोल असा खड्डा घेतला, आमची काळी माती पावसात पाणी धरून ठेवते म्हणून त्यात वाळू आणि शेणखत मिसळलं, दोन मुठी निंबोळी पेंड आणि मूठभर हाडांचा चुरा, आणि आळं जमिनीपेक्षा थोडं उंच ठेवलं. जाळी भिंतीपासून फूटभर सोडून उभी केली म्हणजे मागून हवा खेळते. एप्रिलमध्ये लाल कोळी, ही पानांतला रस शोषणारी बारीक कीड, येतोच येतो, पानं धुरकट दिसायला लागली की पानांच्या खालून पाण्याचा जोराचा फवारा मारायचा, रोज सकाळी, आठवडाभर. मला औषधापेक्षा त्याचाच जास्त उपयोग झाला. मार्चअखेर ते पाऊस पडेपर्यंत हिरवी नेट आणि बुंध्याशी वाळल्या पाल्याचा जाड थर.
डिसेंबरातलं फूल पाच दिवस टिकतं, मे महिन्यातलं दुपारपर्यंतही नाही. वासाचं पण तसंच, उन्हाने पाकळ्यांतलं सुगंधी तेल उडून जातं, त्यामुळे दहा वाजता पाहुणे आले आणि म्हणाले वास कुठाय तर आपल्याकडे उत्तर नसतं. सकाळी सहाला जावं. माझ्या आईला आता नीट दिसत नाही, ती रोज भिंतीला हात धरून तिथवर जाते आणि आज किती उमलले ते वासावरून सांगते, आणि मोजलं तर एखाद्याचाच फरक निघतो. यापेक्षा त्या झाडाकडून मला काही नको.

(बेळगाव)
नागपूरच्या काकांचं वाचून आमच्या जुन्या घराची आठवण आली. पडवीच्या खांबावरून कौलांवर गेलेला पिवळा वेल होता, घरात सगळे त्याला नुसतं "पिवळा" म्हणायचे. चहासारखा, थोडा फळासारखा वास, आणि फूल इतकं जड की मान खाली घालूनच उमलायचं. फुलदाणीत ते वाईट दिसतं पण वेलीवर तोच त्याचा गुण, कारण आपण खालून बघतो आणि फूल आपल्याकडे बघत असतं. पुढे एका पुष्पप्रदर्शनात एका जुन्या माळीकाकांनी वर्णन ऐकूनच ओळखलं, मार्शल नील, 1864 सालची फ्रान्समधली जात. तिला कडक थंडी सोसत नाही, आपल्याकडची हवा मानवते.
घर विकायच्या आधी बाबांनी दाब कलम केलं होतं. लांब फांदी वाकवून मधल्या भागाची साल खालच्या बाजूने जरा खरवडायची, तो भाग शेजारच्या कुंडीतल्या मातीत दाबून वर वीट ठेवायची, माती ओली ठेवायची. जूनमध्ये दाबलेली फांदी सप्टेंबरात तोडली तेव्हा चांगली मुळं होती. ती कुंडी आज माझ्या गच्चीत आहे. चार वर्षांत अठरा इंची कुंडीतून अर्ध्या ड्रममध्ये गेली, त्याखालच्या मापात वेली गुलाब ठेवूच नका, फुलत नाही.

(रत्नागिरी)
माझा फसलेला लिहिते. नर्सरीतून गुलाबी सुगंधी वेल आणला, पहिल्या पावसात पानांवर काळे ठिपके, जुलैत एक पान शिल्लक नाही. ऑगस्टात बुडातून जोरदार फुटवा आला आणि मी आनंदाने तो जाळीवर चढवला. दुसऱ्या वर्षी फेब्रुवारीत फुलला तर पांढरी इवलीशी पाच पाकळ्यांची फुलं, झुपक्याने! म्हणजे वरचं कलम कधीच मेलं होतं आणि मी वर्षभर खुंटाला, म्हणजे ज्याच्या मुळांवर कलम बांधतात त्या रानगुलाबाला, खतपाणी घालत होते. खूप वाईट वाटलं. तेव्हापासून डोळा भरलेल्या, म्हणजे कलम बांधलेल्या, गाठीच्या खालून काहीही निघालं की लगेच काढते, कापून नाही, माती उकरून मुळापाशी ओढून, कापलं तर परत दुप्पट येतं. आता दुसरा लावलाय तो पागोळ्यांपासून लांब, मोकळ्या वाऱ्यात, पावसाळ्यात खाली पडलेली पानं रोज गोळा करते. पानं अजून आहेत, फुलांचं बघू.

(न्यू जर्सी)
आमच्याकडे न्यू डॉन. फिकट गुलाबी, वास सौम्य, सफरचंदासारखा. ही जात इथलीच, न्यू ब्रन्सविकच्या नर्सरीत सापडली, 1930 मध्ये बाजारात आली आणि 1931 मध्ये अमेरिकेतलं वनस्पतीचं पहिलं पेटंट हिलाच मिळालं. बर्फात पूर्ण काड्या होऊन उभी असते, दर वर्षी वाटतं गेली, आणि एप्रिलमध्ये फुटते. शत्रू एकच, जपानी भुंगेरे, तेही अमेरिकेत पहिल्यांदा सापडले ते याच राज्यात, 1916 मध्ये. जुलैमध्ये पाकळ्यांची चाळण करतात. भल्या सकाळी ते सुस्त असतात तेव्हा साबणाच्या पाण्याच्या डब्यात पाडायचे, मुलं आवडीने करतात. सासूबाई आल्या की पहिलं फूल देवाला जातं, मग आम्हाला वास.

(लंडनजवळ)
काटे नको असतील तर झेफिरिन ड्रूअँ, 1868 ची, लहान मुलं असलेल्या घराला बरी. वास सुंदर पण काळे ठिपके फार येतात, रत्नागिरीच्या ताईंनी या वाटेला जाऊ नये.

(मुंबई)
गुलकंद करणार असाल तर औषध मारलेल्या वेलाच्या पाकळ्या वापरू नका, एवढंच सांगायचं होतं. नर्सरीतून नुकत्याच आणलेल्या झाडाच्या पण नको.

(पुणे)
सगळ्यांचे मनापासून आभार. नाशिकच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे केलं, यंदाचे तीन लांब धुमारे होते, रोज हाताने दाबत दाबत पंधरा दिवसांत कमानीवर आडवे आले, एक मोडला, त्याचं दिवसभर मनाला लागून राहिलं. मोडलेला तुकडा टाकून न देता कुंडीत खोचलाय. बाकी दोघांवर आज चष्मा लावून मोजलं तर अकरा डोळे लाल होऊन फुगलेत, आणि त्यातले सात माझ्या खांद्याच्या उंचीला! गाठ पण तपासली, सगळं वरूनच निघालंय. अजून एक फांदी कुंपणाकडे वळवायची आहे, तिला बेळगावसारखं मधे मातीत दाबून बघते.

(रत्नागिरी)
ताई, ती दाबलेली फांदी लागली तर माझ्यासाठी ठेवाल का? स्वतःच्या मुळांवरचं झाड असेल तर खुंटाची भानगडच नाही. मार्चमध्ये लेकीकडे कोथरूडला येणार आहे, येताना जांभ्याची माती नाही पण हवं ते आणेन.