आज्जीकडनं वसाहतीच्या सुरवातीच्या दिवसांचं कसं काढून घ्यायचं?

कोयनाकाठ_सांगली: आमचं मूळ गाव शिवसागराच्या पाण्याखाली गेलंय. कोयना धरणाच्या वेळी उठवलं आणि सांगली जिल्ह्यात माळावर वसाहत दिली. आता पहिल्यांदा आलेल्यांपैकी आज्जीसकट चारपाच माणसं उरलीत. मोबाईल पुढं धरला की आज्जी म्हणते "मला काय बाबा आठवतंय", आणि तेच तांदूळ निवडताना तासभर बोलते. तारखा तर अजिबात लागत नाहीत. कोणी असं काम केलंय का?

माण_खटावचा: साल विचारूच नका ओ. भूकंपाच्या आधी की नंतर एवढंच विचारा. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट आपल्याकडं कुणी विसरत नाही, त्याच्या अलीकडं पलीकडं सगळं लावता येतं. आणि मोबाईल तांदळाच्या सुपाशेजारी उपडा ठेवा, रेकॉर्डिंग चालूय एवढं एकदा सांगून. चोरून नको.

वाईकर_दप्तर: अमेरिकेत लायमन ड्रेपर म्हणून एकजण होता, त्यानं जन्मभर हाच उद्योग केला. केंटकीकडच्या रानात पहिल्यांदा वस्ती केलेल्यांच्या आठवणी घरोघर जाऊन उतरवून घ्यायचा. डॅनियल बून हा त्यांच्यातला सगळ्यात नावाजलेला, तर त्याचा धाकटा पोरगा नेथन आणि सून ऑलिव्ह यांच्याकडं १८५१ मध्ये मिसूरीत जाऊन बसला, तीनशेच्या वर पानं लिहून घेतली. नेथन तेव्हा सत्तरीचा, १८५६ ला गेलाच तो. सुनेलाही बोलतं केलं हे मला जास्त आवडतं, आपल्याकडं पंचनामा फक्त पुरुषांचा. पण बूनचं चरित्र काय ड्रेपरच्या हातनं पुरं झालं नाही, अजून एक कागद मिळू दे म्हणत १८९१ ला वारला. ते गठ्ठे विस्कॉन्सिनमध्ये आहेत, अजून लोक चाळतात. त्यामुळं पुस्तक काढायचं नंतर बघा, आधी उतरवून घ्या. आणखी एक, लोकांचे कागद नेऊन परत दिले नाहीत अशी बोलणी त्यानंही खाल्लीयत. तेव्हा कुणाचा सातबारा, पुनर्वसनाची नोटीस असलं काही घरी न्यायचं नाही, तिथंच फोटो काढायचा.

माण_खटावचा: +१. आमच्या घरची मोडी कागदांची पिशवी एका अभ्यासकानं नेली, वीस वर्षं झाली 😐

कोयनाकाठ_सांगली: सर्वांना धन्यवाद. काल "जातं कसं आणलंस" एवढंच विचारलं. म्हणाली, वरची तळी मी पोत्यात बांधून आणली, खालची ट्रकात जागा नाही म्हणून तिथंच राहिली. म्हणजे दारातल्या जात्याची खालची तळी इथली आहे! साठेक वर्षं त्यावरनं येजा करतोय आम्ही. आता ट्रकात अजून कोण कोण होतं ते विचारतो.