दीर म्हणतात मृत्युपत्र कशाला. मला तर संस्थेसाठी काही ठेवायचंय

मिरजेची बाई
मी निवृत्त मुख्याध्यापिका, वय 71. यजमान नाहीत, मूलबाळ नाही. माझ्या पगारातून घेतलेला मिरजेतला फ्लॅट, बँकेत ठेवी, आणि बाबांकडून आलेली दीड एकर जमीन, एवढा पसारा.

आमच्या इमारतीतल्या एका आजींनी मुलाला घर बक्षीसपत्राने दिलं. वर्षाच्या आत त्यांचा पलंग बाल्कनीत गेला. जेवणाचं ताटही तिथेच. ज्येष्ठांसाठी काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेच्या बाई त्यांना रिक्षाने प्रांत ऑफिसला घेऊन गेल्या, 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली अर्ज घातला. बक्षीसपत्रात ‘आईचा सांभाळ करीन’ अशी ओळ होती, त्या ओळीवर ते रद्द झालं. रिक्षाचे पैसेसुद्धा संस्थेच्या बाईंनीच दिले. तेव्हा ठरवलं, माझ्यामागे चौथा हिस्सा या संस्थेला, बाकी भाचे-पुतण्यांना.

दीर म्हणतात, “वहिनी, कागद कशाला? घरातलं घरातच राहणार.” स्टँप किती लागतो? आणि संस्थेला जमीनच देऊन टाकली तर सुटसुटीत होईल का?

जुना कारकून
बाई, दुय्यम निबंधक कार्यालयात उभा जन्म गेला, म्हणून सांगतो. दीर चुकीचं बोलत नाहीत, फक्त कोणाच्या घरात ते सांगत नाहीत! मृत्युपत्र नसेल तर हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम 15 प्रमाणे अपत्य नसलेल्या विधवेची स्वकमाईसुद्धा आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते. म्हणजे फ्लॅट आणि ठेवी दिरांच्या बाजूला. बाबांची जमीन तेवढी माहेरच्या वारसांकडे. भाच्यांना फ्लॅटमधलं काही मिळावं असं वाटत असेल तर कागद हवाच.

स्टँप लागत नाही. साधा कागद चालतो. दोन साक्षीदार हवेत, तुम्ही सही करताना त्यांनी पाहिलेलं असावं. नोंदणी सक्तीची नाही, तरी करा. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडा.

जमीन संस्थेला देऊ नका. बिगरशेतकऱ्याला शेतजमीन द्यायला कूळकायद्याचं कलम 63 आडवं येतं. मृत्युपत्रानेही ते चुकवता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये गुजरातच्या प्रकरणात सांगितलं. तिथला कायदा म्हणजे आपलाच 1948 चा मुंबई कूळकायदा. जमीन भाच्यांना, संस्थेला पैसे.

आणि एक. संस्थेचा माणूस साक्षीदार नको, नोंदणीला त्यांच्या गाडीतूनही जाऊ नका. कितीही भली माणसं असोत. उद्या पुतण्या कोर्टात गेला तर ‘म्हातारीला यांनीच भरीला घातलं’ हेच पहिलं वाक्य असेल.

एक विश्वस्त
कारकूनकाकांना दुजोरा. आमच्या संस्थेला एका आजोबांनी फ्लॅट ठेवला. ट्रस्टच्या नावावर झालेली स्थावर मिळकत विकायची तर सार्वजनिक ट्रस्ट कायद्याच्या कलम 36 खाली धर्मादाय आयुक्तांची आधी मंजुरी लागते. तोवर मेंटेनन्स आम्ही भरतोय. त्यापेक्षा ‘व्यवस्थापकाने फ्लॅट विकून येणाऱ्या रकमेचा चौथा हिस्सा संस्थेला द्यावा’ असं लिहा. व्यवस्थापक म्हणजे मृत्युपत्राप्रमाणे वाटप करायला तुम्ही त्यात नेमलेला माणूस. आकडा लिहिलात तर वीस वर्षांनी त्याची किंमत काय राहील?

संस्थेचं पाटीवरचं नाव लिहू नका. धर्मादायकडे नोंदलेलं पूर्ण नाव, नोंदणी क्रमांक, पॅन लिहा. ती बंद पडली तर कोणाला, हेही. छोट्या संस्था एका बाईच्या जिवावर चालतात.

अटी घालायचा मोह आवरा. एका देणगीदाराने दर एकादशीला साबुदाण्याची खिचडी अशी अट ठेवली. आमच्याकडे निम्म्या लोकांना साखर.

फोंड्याचा
गोव्यातले कोणी वाचत असतील तर: आपल्याकडे मुलं असतील तर मृत्युपत्राने मर्जीप्रमाणे देता येतो तो निम्माच भाग, बाकी निम्मा त्यांचा. आणि घरी कागदावर लिहून भागत नाही, सरकारी स्पेशल नोटरीकडे जावं लागतं. महाराष्ट्रातले सल्ले जसेच्या तसे उचलू नका.

मिरजेची बाई
कलम 15 ऐकून रात्री झोप लागली नाही. तीस वर्षं माझ्या पगारातून हप्ते गेले आणि मला हे कोणी सांगितलं नव्हतं! ठेवींवर पुतण्याचं नॉमिनेशन आहे, मग त्या त्याच्याच होतात का?

जुना कारकून
नाही. नॉमिनी म्हणजे बँकेकडून पैसे ताब्यात घेणारा. मालकी मृत्युपत्राने ठरते, मृत्युपत्र नसेल तर वारसा कायद्याने. 2023 च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने शेअर्सच्या बाबतीतही हेच सांगितलं, आणि तो खटला आपल्या कालनिर्णयवाल्या साळगावकरांच्या घरातलाच होता. पण पैसे आधी पुतण्याच्या हातात पडणार, मग संस्थेने त्याच्या मागे फिरायचं. मृत्युपत्रात ठेवींचा उल्लेख करा, आणि ज्याला व्यवस्थापक नेमाल त्यालाच नॉमिनी करून टाका. वयाने तुमच्यापेक्षा लहान बघा.

मिरजेची बाई
भाची वकिलीच्या शेवटच्या वर्षाला आहे. पण तिलाही हिस्सा देणार आहे, तरी व्यवस्थापक चालेल?

जुना कारकून
चालेल. साक्षीदार मात्र दुसरे घ्या.