पगाराचा आकडा ठामपणे मांडा

मडगावच्या ताईंनी लिहिलंय की संस्था चालवूनही देणगीदारापुढे स्वतःच्या पगाराचा आकडा ठेवायला जीभ रेटत नाही. ताई, हा संकोच सोडाच. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या कंपनीत सीएसआरसाठी, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामासाठी द्यायच्या निधीसाठी, गेलात आणि कुणी 'पाच टक्क्यांवर प्रशासकीय खर्च चालत नाही' म्हणालं, तर गप्प बसू नका. २०२१च्या सीएसआर नियमांतली ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चाला आहे. प्रकल्प राबवण्याचा, देखरेखीचा थेट खर्च त्यात येत नाही. म्हणून अंदाजपत्रकात नुसतं 'मानधन' असं मोघम नको. 'प्रकल्प संचालक, निम्मा वेळ' लिहा, खाली कामं मांडा. सीएसआर-१ (सीएसआरची कामं घेण्यासाठी संस्थेची सरकारी नोंदणी) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत मिळवून देणारी मान्यता) हे तर हवंच. आणि खजिनदार भाऊंना पुढे करू नका, आकडे तुम्हीच बोला. सोबत एखादी तरुण कार्यकर्ती न्या, तिलाही वाटाघाटी जवळून बघू दे.