जॉन्सनसाहेबांची चिली आणि ६ चमचे संकेश्वरी

खमंग काकडी: परवा इथे एकाने लिंडन जॉन्सनची पेडर्नालिस रिव्हर चिली (टेक्सासचा खिम्याचा तिखट रस्सा) केली आणि 'तिखटजाळ, बाकी चव शून्य, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष हे खायचे?' असं लिहून मोकळा झाला. अहो मालक, फोटोत पातेल्याशेजारी घरच्या संकेश्वरी तिखटाची बरणी दिसतेय. रेसिपीतली ६ चमचे चिली पावडर म्हणजे तिकडची, मवाळ मिरची आणि त्यात जिरं ओरेगानो लसूण आधीच मिसळलेलं. तुम्ही संकेश्वरी ओतणार, वरून घालायचं जिरं विसरणार, डबाभर राजमा घालणार आणि शिव्या जॉन्सनला! ४ पौंड खिमा म्हणजे १.८ किलो, मोठा कांदा, २ पाकळ्या लसूण, दीड कप डब्यातले टोमॅटो, गरम पाणी, तासभर मंद आच, वर आलेली चरबी काढून टाकायची. एवढंच. लोक रेसिपी इतकी मागायचे की जॉन्सनच्या बायकोने, लेडी बर्डने, तिची कार्डं छापून घेतली होती.

वाटीभर रस्सा: तो एकजण मीच. खिमा अर्धा किलो होता (मटणाचा) आणि तिखट मात्र पूर्ण ६ चमचे, हे मान्य, फाशी द्या. पण १.८ किलोला २ पाकळ्या लसूण? आमच्याकडे तेवढ्याला अख्खा गड्डा जातो.

ऑस्टिनचा आप्पा: लसणाचं राहू द्या, राजमा का घातलात?? इकडे चिलीत राजमा चालत नाही. २२ वर्षं टेक्सासात आहे, पहिल्या वर्षी ऑफिसच्या पॉटलकला राजमा घालून नेली होती, लोकांनी झाकण उघडून परत लावलं. १९७७ पासून राज्याची अधिकृत डिश आहे ती. आणि १९५५ ला जॉन्सनला हार्ट अटॅक आल्यावर त्यातली गुरांची चरबी काढली, म्हणजे तुम्ही केलीत ती पथ्याची चिली.

भोचक भवानी: सगळे जॉन्सनची जॉन्सनची काय करताय? त्या घरात चुलीपाशी झेफर राइट होती, १९४२ पासून, पुढे व्हाइट हाउसमध्येही. टेक्सास ते वॉशिंग्टन गाडीने जाताना काळी म्हणून तिला वाटेत जेवायला, बाथरूमला कुठे थांबू देत नसत. जॉन्सन हे हाल लोकांना सांगायचा आणि १९६४ ला असल्या भेदभावावर बंदी घालणाऱ्या सिव्हिल राइट्स कायद्यावर सही केली तेव्हा तिला पेन दिलं. पेन दिलं, कार्डावर नाव कुठाय? आमच्याकडे 'अण्णांचं मटण' अख्ख्या आळीत फेमस होतं. अण्णांनी जन्मात पातेल्याला हात लावला नाही, पाट्यावर वाटण आई वाटायची, अण्णा शेवटी येऊन मीठ बघायचे. ते गेले तेव्हा लोक म्हणाले आता तसलं मटण नाही मिळायचं. आई तिथेच उभी होती.

खिमापाव: झालं, रेसिपीच्या धाग्यात घरची भांडणं. मटण आणायला पैसे कोणी दिले ते पण लिहा की.

भोचक भवानी: आई शाळेत शिक्षिका होती. तिनेच दिले. अजून काही?

खिमापाव: बरं बाई, चुकलो. लगेच अंगावर येता.

ऑस्टिनचा आप्पा: ताई, रेसिपीला जॉन्सनचं नाव नाही, पेडर्नालिस नदीचं आहे. आणि श्रेयच वाटायचं तर मागे जा, सान अँटोनियोच्या चौकात मेक्सिकन बायका चिली विकायच्या, चिली क्वीन्स म्हणायचे त्यांना. त्यांची नावं कोणाला माहीत आहेत?

भोचक भवानी: मग माझंच म्हणणं झालं ना ते! आणि नदीचं नाव दिलं म्हणजे काय, नदी काय ढवळत होती?

खमंग काकडी: अरे मूळ मुद्दा तिखटाचा होता.

खिमापाव: जॉन्सननंतरचा राष्ट्राध्यक्ष निक्सन कॉटेज चीजवर केचप घालून खायचा. त्याचं श्रेय मात्र त्यालाच द्या, कोणी भांडायला येणार नाही.

वाटीभर रस्सा: रविवारी परत केली. पाव किलोला चमचाभर बेडगी, जिरं भाजून, ओरेगानो पिझ्झाच्या पुडीतला, चरबी दोनदा काढली. काकडीताई बरोबर होत्या, बास, एवढंच म्हणेन. लसूण ८ पाकळ्या घातला, ते नाही बदलणार. बायको म्हणाली खिमा चांगला झालाय पण यात राजमा का नाही. भवानीताई, त्या मटणाचं वाटण द्या ना.

भोचक भवानी: आत्ताच फोन केला. सुकं खोबरं, कांदा, खसखस, धणे, सगळं वेगवेगळं भाजायचं म्हणाली. माप विचारलं तर म्हणे माप कसलं गं, आणि मीठ अण्णा बघायचे. मग सिरियल लागली, ठेवला फोन.